सल्ला हवा: मेटल डिटेक्टर घेऊन बाहेर पडताना दुखापत होऊ नये म्हणून काय सामान घ्यावं? (बजेट २,०००)

खारघर_सेक्टर_१२ (धागाकर्ता)
मंडळी, डिटेक्टर आलाय (सव्वा किलोचा), त्यामुळे "कुठला घेऊ" हा प्रश्न नाही. जागा दोन: मुरबाडला मावसभावाचं शेत (त्याची परवानगी आहे) आणि उरणचा किनारा. हातमोजे, बूट आणि प्रथमोपचाराचं सामान हवंय. सगळं मिळून २,०००. कुठे मिळेल तेही सांगा.

घोडबंदर_एक्सप्रेस
दोन हजारात बूटसुद्धा यायचे नाहीत. कॉम्पोझिट टोचे (बोटांवरची टोपी धातूची नसलेले) सेफ्टी बूट घ्या. माझे ४,५०० चे आहेत आणि पैसे वसूल आहेत. स्टील टो नकोच, कारण कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) पायाजवळून गेली की प्रत्येक फेरीला वाजणार. तळव्यातली खिळा अडवणारी पट्टीही केवलरची (मजबूत धाग्याची) बघा. आयएस १५२९८ (सेफ्टी बुटांचं भारतीय मानक) चा शिक्का स्टीलवाल्या बुटांवरही असतो, त्यामुळे शिक्क्यावर जाऊ नका. दुकानात लोहचुंबक घेऊन जा आणि टोकाला, तळव्याला, लेसच्या कड्यांना लावून बघा.

कोपरखैरणेकर
४,५०० चे बूट घालून शेतात? गमबूट घ्या, ४०० चे. लोखंड नाही, काटा लागत नाही, घोणस घोट्याला चावते तर मध्ये रबर येतं. विषय संपला.

मुलुंड_चेकनाका
गमबूट उरणला नको. लाट वरून आत शिरली की बूट भरतो आणि गाळातून पाय निघत नाही. किनाऱ्यावर जुने कॅनव्हासचे बूट, लेस घट्ट. चप्पल, फ्लोटर्स अजिबात नाही.

कोपरखैरणेकर
पाण्यात जायला सांगितलंय कोणी?

येऊर_पायथा
सगळे पायातच अडकलात. या छंदात कापतात ती बोटं. खड्डा उकरला आणि माती हाताने चाळायला घेतली की ब्लेडचा तुकडा, बाटलीचा तळ, गंजका पत्रा यातलं काहीतरी लागतंच. काच तर डिटेक्टरला दिसतही नाही. क्रम असा ठेवा: कॉइल आडवी आणि उभी फिरवून सिग्नलचं केंद्र पक्कं करा. केंद्राच्या चार बोटं बाहेरून खुरपं घाला, ढेकूळ पलटा, त्यात पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवा, वाजेल तिथली माती खुरप्याच्या टोकाने सैल करा. बोटं सगळ्यात शेवटी. डाव्या हाताने ढेकूळ धरून उजव्याने खुपसणं हा सर्वात वाईट प्रकार, कारण खुरपं दगडावरून सटकलं की थेट तळहातात.

हातमोज्यांवर ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपीय मानक) च्या खुणेखाली कोड असतो, उदा. ४एक्स४३डी. शेवटचं अक्षर कापण्याचं (ए ते एफ), चौथ्या जागेचा आकडा टोचण्याचं. लोक अक्षर बघून घेतात आणि खिळा आरपार जातो. अक्षर डी आणि आकडा ३ असेल तर पुरे. ती टोचण्याची चाचणी जाड टोकाने होते, इंजेक्शनच्या सुईला हे मोजे अडवत नाहीत. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीच्या बाजूला कामगारांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे ३००-४०० मध्ये मिळतील.

घोडबंदर_एक्सप्रेस
+१, त्यात एक भर. कापविरोधी काही मोज्यांच्या धाग्यात बारीक स्टीलची तार विणलेली असते. पॉइंटर हातातच वाजत राहतो. काचतंतूवाला घ्या. इथेही लोहचुंबक.

डोंबिवली_फास्ट
एवढा खर्च कशाला, माळीकामाचे ६० रुपयांचे मोजे चालतात. आणि येऊरला जा की, जुनी वस्ती, नाणी मिळतील.

येऊर_पायथा
येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे खणलं तर वनखातं आणि १९७२ चा वन्यजीव कायदा, दोन्ही अंगावर. खाडीकाठच्या कांदळवनातही नको. नवख्या माणसाला असले सल्ले देऊ नका.

तलावपाळी
कायदा निघालाच आहे तर, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मुरबाडचं ठाण्याला, उरणचं अलिबागला.

डोंबिवली_फास्ट
दहा रुपये! म्हणजे वडापावही नाही. अवांतर: मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, त्यातल्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळात सापडत होत्या. त्या कुणी कळवल्या?

तलावपाळी
त्याच जहाजावर दारूगोळाही होता, ते विसरलात. गंजलेलं, जड, नळकांडं किंवा लिंबासारखं काही दिसलं तर खुरपं तिथेच थांबवा. हलवायचं नाही, फोटोसाठी माती झाडायची नाही. मागे फिरा आणि ११२ लावा. शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर सरळ रेषेत लांबवर सिग्नल येत गेला, किंवा विटांचा थर अथवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली, तर खाली केबल किंवा गॅसची पाइप समजा. खड्डा बुजवा आणि निघा.

धागाकर्ता
मंडळी, प्रथमोपचाराचं राहिलं. आणि बजेट २,००० च आहे.

नाईट_ड्युटी_कळवा
डबीत काय: पोविडोन आयोडीन, गॉज, १० सेंमीचं क्रेप बँडेज, चिमटा, ओआरएसच्या पुड्या (पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, घोटभर पाण्यात नाही). ३०० च्या आत बसतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन आता टीडी म्हणून मिळतं. "दहा वर्षं चालतं" हा हिशोब स्वच्छ, लहान जखमेचा. माती-गंजाच्या जखमेला शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर परत घ्यावा लागतो. वापरलेली सुई टोचली तर पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच पालिकेचं किंवा सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

साप चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नाही. पाय फळीला बांधून स्थिर, चालायचं नाही, १०८. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. हिरव्या चापड्यावर चालत नाही, म्हणून दिसला असेल तर रंग सांगा, साप मारून आणू नका. मण्यारीचा दंश दुखतही नाही, त्यामुळे "काही होत नाहीये" म्हणून घरी थांबू नका.

कोकणपट्टीत लाल विंचवाला साधा समजू नका. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की विष हृदयावर चाललंय. त्यावर प्राझोसिन देतात, ही महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांची देणगी. डोस डॉक्टर ठरवतील, गोळ्या खिशात बाळगू नका. दगड उलटताना पलीकडची कड उचला, म्हणजे दगड मध्ये राहतो.

मोरा_बंदर
उरणचं मी सांगतो. भरतीची वेळ ॲपवर बघा, नाहीतर तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाणी फिरलं की वर या. उधाणाला पाणी मागून वळसा घालून येतं, आणि हेडफोन लावलेल्या माणसाला कळत नाही. एक कान मोकळा ठेवा. गुडघाभर पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, पाकट (शेपटीत काटा असलेला मासा) बाजूला होतं. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासा. वाळूत गुडघ्यापेक्षा खोल खड्डा नको, कडा ढासळतात.

बेलापूर_फिजिओ
कोपराचं कोणी बोललंच नाही. सरळ उभं राहून, कंबर न वाकवता कॉइल जमिनीपासून २-३ सेंमीवर यायला हवी, तेवढा दांडा लांब करा. आर्म कप (दांड्यावरची हात टेकवायची खोबण) कोपराच्या जरा खाली. मूठ आवळू नका, मनगट सरळ, वळायचं ते कंबरेतून. वीस मिनिटांनी हात बदला. खणताना एक गुडघा टेका. गुडघा-पॅड घ्या, हातमोज्यांपेक्षा जास्त उपयोगी.

येऊर_पायथा
हातमोज्यांपेक्षा? काहीही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. वागळेला जाऊन आलो. स्टील टोचेच बूट घेतले, ९५०. मोजे ४एक्स४३डी, ३४०. गुडघा-पॅड २८०, औषधांची डबी २६०. एकूण १,८३०. डिटेक्टर दुकानातच चालू करून पाहिला, कॉइल दीड हात पुढे ठेवली तर बूट वाजत नाही.

घोडबंदर_एक्सप्रेस
गुडघा टेकून पॉइंटर लावाल तेव्हा कळेल. एवढं लिहिलं ते कशासाठी?

मोरा_बंदर
मुरबाडला चालतील. उरणला नेऊ नका, खाऱ्या पाण्याने टोपी आतून गंजते.

कोपरखैरणेकर
९५० मध्ये दहा नंबर आहे का तिथे? दुकान व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.