स्वतः काढलेले फोटो निवडताना आणि त्यांवर काम करताना हात कुठे थांबवावा?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. मी नोकरदार माणूस असून गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी हौसेने फोटो काढतो. गेल्या रविवारी पहाटे साडेचारला निघून नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. निफाडची थंडी आपल्याला ठाऊक आहेच. चापडगावच्या बाजूने पाण्यापाशी पोहोचलो तेव्हा समोर दाट धुके होते आणि त्यात चित्रबलाकांचा थवा अर्धवट पुसलेल्या रेघांसारखा उभा होता. दुपारपर्यंत 640 फोटो काढले, त्यांपैकी 38 एकाच थव्याचे होते.

रात्री जेवण उरकून संगणकापुढे बसलो तो दीड वाजेपर्यंत उठलो नाही. त्या वेळी सगळे फोटो उत्तम वाटले, सकाळी चहा घेताना पाहिले तर रंग निळसर दिसत होते, पक्ष्यांच्या कडा टोचत होत्या आणि पत्नीने सहज विचारले, “धुके होते म्हणालात ना, मग ते कुठे आहे?” ज्या धुक्यासाठी एवढ्या थंडीत गेलो, ते मीच संपादनात डीहेझचा (धूसरपणा कमी करणारा) स्लायडर ओढून घालवले होते. शिवाय 38 पैकी एकही फोटो मला टाकवत नाही. निवड कशी करावी आणि संपादन कुठे थांबवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर 1 (पंचवटी)

आपण विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिचे निदान सोपे आहे. संगणकात ‘नाइट लाइट’ सुरू आहे का, ते पाहावे. ही सोय संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळसर करते; डोळ्यांना तो पिवळेपणा जाणवेनासा होतो, पण हात मात्र व्हाइट बॅलन्स (फोटोतील रंगांचा पिवळा-निळा तोल) निळ्याकडे सरकवत राहतो आणि चूक सकाळी उघडी पडते. पडदा फार उजळ ठेवला असेल तर फोटो नकळत गडद केले जातात आणि छापून आल्यावर काळवंडलेले दिसतात, हेही याच जातीचे दुखणे आहे.

धुक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. डीहेझ हे साधन उजेड-सावलीतील हरवलेला फरक शोधून तो वाढवते. धुके म्हणजे मुळातच तो फरक कमी होणे, त्यामुळे या साधनाच्या लेखी आपले अख्खे दृश्यच दोष ठरते. धुक्यातील फोटोचा हिस्टोग्राम (फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख) मधोमध ढिगासारखा असतो आणि तो तसाच असायला हवा; दोन्ही टोकांपर्यंत पसरलेला आलेख चांगला, असे कुठेतरी वाचून आपण तो ताणतो (‘ऑटो’चे बटणही बहुधा हेच करते) आणि मग काळा खरोखर काळा होतो, पांढरा खरोखर पांढरा होतो, पण पहाट जाते.

मी स्वतः याहून वाईट चूक केली आहे. रामकुंडावर द्रोणात सोडलेल्या दिव्यांचा एक फोटो मला फार आवडला होता. तो अधिक उबदार दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे नेला, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले आणि घरात मिरवला. महिन्याभराने लक्षात आले की द्रोणातील झेंडूला पाकळ्याच उरलेल्या नाहीत, नुसता नारिंगी गोळा दिसतो आहे. एकूण उजेड ठीक होता, पण लाल रंगाचा आलेख 255 च्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, भिंतीला टेकला होता. मी तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहिलेच नव्हते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) जपलेली असल्यामुळे दोन्ही बदल मागे घेतले आणि पाकळ्या परत आल्या. तेव्हापासून झेंडू, हळद, भगवे पागोटे असे काही चौकटीत असले की मी आधी लाल आलेख पाहतो.

उत्तर 2 (सिडको)

निवडीबद्दल लिहितो. फोटो टाकवत नाही, कारण आपण फोटो पाहतच नाही, त्यामागची थंडी, चिखल आणि साडेचारचा गजर पाहतो. हे सगळे पाहणाऱ्याला दिसत नसते. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकन छायाचित्रकार काढलेले रोल मुद्दाम वर्ष-दोन वर्षे न धुता ठेवत, जेणेकरून काढतानाची मनःस्थिती निवडीत लुडबुडणार नाही. अर्थात 1984 साली ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते, त्यामुळे अनुकरण बेतानेच करावे. आपल्यासाठी दोन आठवडे पुरेत.

मी पहिली फेरी लहान चौकोनांवरच करतो. मोठ्या पडद्यावर पिसांचा तपशील भुरळ घालतो. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रात मात्र मांडणी फसली असेल तर ती लपत नाही. मग एकाच थव्याचे उरलेले पाच-सहा फोटो लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हे दृश्यात शेजारी शेजारी ठेवतो आणि ‘सर्वांत चांगला कोणता’ असे न विचारता ‘यातला कोणता गेला तरी चालेल’ असे विचारत एकेक बाजूला करतो. फाइल मात्र त्या दिवशी पुसत नाही.

उत्तर 3 (नाशिकरोड)

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. आवडीनिवडीसाठी थांबणे ठीक आहे, पण पक्ष्यांच्या फोटोंची तांत्रिक छाननी त्याच रात्री करावी. फोटो शंभर टक्के मोठा करून पक्ष्याचा डोळा पाहावा. डोळा हललेला, पुसट आला असेल तर शटर किती वेळ उघडे होते ते तिथेच पाहावे, कारण 1/250 सेकंदावर उडता शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) का पुसट आला हे त्या दिवशी कळले तरच पुढच्या रविवारी हात 1/1600 कडे जातो. दोन आठवड्यांनी हा धडा शिळा होतो.

क्रॉपचाही (फोटोच्या कडा कापण्याचाही) हिशेब ठेवावा. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 गुणिले 4000 ठिपक्यांचा असतो. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की सहाच मेगापिक्सेल उरतात आणि इंचाला 300 ठिपके धरले तर छपाई दहा इंच रुंदीपर्यंतच नीट येते. पक्षी दूर होता हे मान्य करून त्याला परिसरासह ठेवणे पुष्कळदा अधिक शोभते.

आणि डीहेझला सरसकट दोष देऊ नये. मे महिन्यात अंजनेरीच्या डोंगरावरून समोरचा ब्रह्मगिरी डोंगर टिपला तर मध्ये नुसती धुळकट हवा असते. तिथे तो स्लायडर थोडा वापरणे मला अजिबात गैर वाटत नाही. ती धूळ टिपायला आपण गेलेलो नसतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नाइट लाइट खरोखरच सुरू होता, रात्री आठला आपोआप लागत होता. तो बंद करून आणि सगळे बदल मागे घेऊन काल दिवसाउजेडी पुन्हा बसलो. सिडकोच्या सदस्यांचे दोन आठवडे मला निघाले नाहीत, सहा दिवसच निघाले. 38 पैकी दोन उरले. त्यांपैकी एक मी रविवारी रात्री नापास केला होता, कारण त्यात पुढच्या पक्ष्याची पाठ आपल्याकडे आहे. लहान करून पाहिल्यावर मात्र त्या पाठीमुळेच थवा धुक्यात आत जात असल्यासारखा वाटतो. फक्त किंचित उजळ केला आहे. बारा गुणिले अठरा इंच छापून घेणार आहे. कागद चकचकीत घ्यावा की मॅट?

उत्तर 1 (पंचवटी)

मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर खोलीतल्या ट्यूबची रेघ उमटते आणि धुक्याच्या फिकट भागात ती सर्वांत आधी डोळ्यांत भरते. त्याआधी एक चार गुणिले सहाची प्रत काढून खिडकीपाशी पाहून घ्यावी. गडद वाटली तर उजेड थोडा वाढवून मगच मोठी छापायला द्यावी.