मदत हवी आहे: आजोबांच्या जादूच्या कंदिलाची काच फिरत नाही (तातडीचं)

रंकाळाकाठ: मंडळी, शुक्रवारी गल्लीतल्या गणपतीपुढे आजोबांचा जादूचा कंदील लावायचाय, म्हणजे काचेवर रंगवलेलं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणारी पेटी. कंदील ठीक आहे, पण फुलाची काच अडकलीय. दांडा हलेना. जोर लावू का? कोल्हापुरात कोण दुरुस्त करतं?

गिरणीवाला: शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा. आमच्या गिरणीचं चाक तसंच सुटलं.

काचचित्र: तेल अजिबात नको! फटीत उतरलं की रंग सुटतो, मग चित्र गेलं ते गेलंच. दांडा ओढायचा आहे की फिरवायचा? ओढायचा असेल तर साधी सरकती काच, एक स्थिर आणि दुसरीवर काळा रंग.

रंकाळाकाठ: फिरवायचा. फूल उमलतं आणि मिटतं.

काचचित्र: म्हणजे दोन गोल काचा एकमेकींच्या उलट फिरतात. कडेला दोरी आहे की दाते?

पेंटरप्रेमी: हे जपलंच पाहिजे! लुमिएर बंधूंचा मुंबईतला सिनेमाचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ चा, पण कल्याणच्या पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ १८९२ ची, जादूच्या कंदिलाचा खेळच तो, अशाच रंगवलेल्या काचांचा. आणि आपल्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० चा.

गिरणीवाला: अहो, त्याला शुक्रवारी दाखवायचंय. इतिहास नंतर. मी अजून म्हणतो, तेल.

शाहूपुरीकर: आत दिवा कुठला लावणार? हॅलोजन नको, काच तापून तडकते. एलईडी लावा.

रंकाळाकाठ: दिव्याचं नाही विचारलं. दोरी आहे, एका काचेवर सरळ, दुसरीवर फुली मारून. पेटी जूनपासून माळ्यावर होती, तिथं कौलं गळतात.

काचचित्र: भावा, हे पहिल्यांदाच सांगायचं! लाकडी चौकट फुगलीय. दांड्याला हात लावू नका. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पुड्या काचेला टेकू देऊ नका. ऊन नको, ड्रायर नको, लाकूड तडकेल. वाळायला वेळ लागेल. दोरी कुजली असेल तर नंतर साधा सुती दोरा घाला, फुलीसकट.

रंकाळाकाठ: आत्ता बॅटरी मारून बघितलं. एका पाकळीचा निळा रंग नखाएवढा उचललाय. मी सकाळी जोर लावला होता. डब्यात ठेवली. शुक्रवारी नुसत्या स्थिर काचा दाखवतो. आजोबांच्या अंगठ्यानं दांड्याचं पितळ एका बाजूला झिजलंय, तेवढंच मघापासून बघतोय.