स्कीइंगच्या सहलीसाठी प्रवास विमा निवडायचा आहे, मदत हवी आहे
सप्रेम नमस्कार.

आम्ही जळगावचे चौघे, म्हणजे मी, पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि ६३ वर्षांचे थोरले बंधू, जानेवारीअखेर आठ दिवस ऑस्ट्रियात स्कीइंग शिकण्यासाठी जाणार आहोत. (बर्फ केवळ रसवंतीवर पाहिलेल्या माणसांना हे सुचावे, याचे नातेवाइकांना नवल वाटते, ते असो.)

शेंगेन व्हिसासाठी (ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो आणि तसा स्वस्त विमा एजंटाने सुचवलाही आहे. परंतु अटी वाचताना, हिवाळी खेळांतील दुखापती त्यातून वगळल्याचे बारीक अक्षरांत आढळले. म्हणजे व्हिसा मिळेल, पण उतारावर गुडघा दुखावला तर शस्त्रक्रियेचा खर्च आमच्याच खिशातून जाईल.

जादा हप्ता भरून स्कीइंगचा समावेश करून घेतल्यास, जखमीला डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरला जातो का, आणि आपली धडक बसून दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्याची भरपाई कोण करते? आखीव मार्गाबाहेर झालेला अपघात विम्यातून वगळण्याची अट असते, पण तो मार्ग सोडून आम्ही जाणार नाही, त्यामुळे ती अट आम्हाला जाचक नाही.

खरी काळजी बंधूंची आहे. त्यांना मधुमेह आहे आणि ‘अर्जात लिहू नका’ हा एजंटाचा सल्ला मला मुळीच पटलेला नाही, कारण माहिती दडवली म्हणून पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो. मधुमेह नोंदवून, स्कीइंगसह विमा आपल्यापैकी कोणी काढला आहे का, आणि प्रत्यक्ष दाव्याच्या वेळी कोणती कागदपत्रे मागितली गेली?