हाताने काढलेली ॲनिमेशनची रेखाटने ऑनलाइन दालनात कशी मांडावीत?

प्रश्न: कागदपेटी

नमस्कार. माझे वडील १९८० च्या दशकात मुंबईत जाहिरातपटांसाठी इनबिटविनर, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढणारे, म्हणून काम करत. त्यांनी जपून ठेवलेली १४० रेखाटने मी ऑनलाइन मांडत आहे. कागद साडेदहा बाय साडेबारा इंचांचे आहेत. खालच्या कडेला पेगची, म्हणजे कागद बसवायच्या खुंट्यांची, तीन भोके, मधले गोल आणि बाजूची दोन लांबट, आणि समासात आकडे व सूचना. पहिली वीस पाने मी भोके कापून, पिवळेपणा काढून चढवली, तर निळ्या पेन्सिलीच्या कच्च्या रेषाच नाहीशा झाल्या आणि एकच चित्र वीस वेळा लावल्यासारखे दिसू लागले. नेमके काय चुकले? शिवाय ही चित्रे मांडण्याचा हक्क मला आहे का?

उत्तर: दोनफ्रेमी

भोके कापू नयेत. चित्रकाराने प्रत्येक कागद त्याच खुंट्यांवर बसवून काढलेला असतो, त्यामुळे स्कॅनही भोकांवरून जुळवले तर पात्र जागच्या जागी राहते. कागदाच्या कडेवरून जुळवले, तर कापणीतल्या मिलिमीटरभर फरकानेही सगळे दृश्य थरथरते.

निळी रेषा बहुधा स्कॅनरच्या आपोआप सुधारणेने खाल्ली असावी, कारण कागद पांढरा करताना ती सोय फिकट निळा रंगही पांढऱ्यात ढकलते. ती बंद करून ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करावे, मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवावी आणि दालनासाठी तिच्यावरून जेपेग काढावी. आपला कागद ए४ स्कॅनरवर मावणार नाही, पण आडवा सरकवून दोन भागांत घेतल्यास मध्ये सुमारे ११ सेंटिमीटर सामाईक पट्टा मिळतो आणि जोड सहज बसतो. मात्र काचेच्या उंच कडेवर कागद उचलला जाऊन तिथली रेषा धूसर होते. मी या एका कारणाने शेवटी ए३ स्कॅनर शोधला. कागदामागे फिकट करडा कागद ठेवावा. पांढऱ्यावर भोके हरवतात, काळ्यावर पातळ कागद मळका दिसतो.

वीस चित्रे सारखी दिसतात, कारण ती सुटी पाहायची नाहीतच. एक चित्र दोन फ्रेम धरले, तर २४ फ्रेमच्या सेकंदाला १२ चित्रे लागतात. पूर्ण क्रम व्हिडिओ करून वर लावावा आणि खाली सुटे कागद द्यावेत. व्हिडिओऐवजी जिफ ही हलत्या चित्राची फाइल करू नये: तिच्यात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजली जात असल्याने बारा चित्रांचा वेग नेमका बसत नाही, आणि २५६ रंगांत शिसपेन्सिलीची छटा पट्ट्यापट्ट्यांची होते.

उत्तर: समासाची टीप

वरील उत्तराशी सहमत आहे, एका दुरुस्तीसह. लघुचित्र म्हणून समास कापलेली चौकट दाखवायला हरकत नाही, कारण बोटाएवढ्या चित्रात भोके आणि समास म्हणजे नुसती अडचण. टिचकी मारल्यावर मात्र संपूर्ण कागद उघडावा. डोके आणि हात वेगवेगळ्या थरांवर, म्हणजे वेगळ्या कागदांवर, असतील, तर ते एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय द्यावी, नाहीतर पाहणाऱ्याला धडावेगळे हात दिसतात.

हक्काबाबत सावध राहावे. कागद आपला असणे आणि चित्राचा कॉपीराइट आपला असणे वेगळे आहे. १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात केलेल्या कृतीचा पहिला मालक सामान्यतः नोकरी देणारा असतो. वडील पगारी होते की कामानुसार पैसे घेत, हे आधी पाहावे. स्टुडिओ बंद पडला तरी हक्क आपोआप संपत नाही. परवानगी मागावी आणि तोवर ३०० डीपीआयच्या फाइली उतरवून घेण्यास ठेवू नयेत.

उत्तर: कागदपेटी

दोघांचेही आभार. वडील महिन्याच्या पगारावर होते, हे आईला विचारून कळले, तेव्हा परवानगीच्या पत्राचा मसुदा केला आहे. आज ती वीस पाने पुन्हा स्कॅन केली. समासातल्या टायमिंग चार्टवर, म्हणजे चित्रांमधले अंतर दाखवणाऱ्या छोट्या आखणीवर, ७ आणि ९ या आकड्यांमध्ये रेषा अगदी दाट आहेत, आणि शेजारी वडिलांच्या अक्षरात ‘पापणी आधी, मान नंतर’ असे लिहिले आहे. व्हिडिओत नवव्या चित्रावर खरेच आधी पापणी उचलली जाते. पहिल्या खेपेस हाच समास मी कापला होता.