जायरो लबाडी असेल, तर एम-असिस्ट काय आहे?

शेवटचं_वर्तुळ: बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाबद्दल काल जुना_कॅफेवाला यांनी लिहिलं, "बीजीएमआयमध्ये जायरो म्हणजे फोन हलवून केलेली लबाडी. खरा नेम अंगठ्याचा. रँक्ड सामन्यांत जायरो बंद करा." वाचून राहवलं नाही. जायरो म्हणजे फोन तिरपा करून नेम फिरवायची सोय.

बेरिल एम७६२ रायफल घ्या, ३एक्स दुर्बीण लावा आणि मधल्या अंतरावर अख्खं मॅगझीन झाडा. बंदूक वर उडते, शिवाय डावी-उजवीकडे पळते. अंगठ्याने रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा धक्का, खाली खेचायचा आणि त्याच अंगठ्याने पळणाऱ्याचा पाठलागही करायचा. काचेवरची जागा संपते, बोट उचलून परत ठेवावं लागतं, तोवर गोळ्या आभाळात. जायरोत रिकॉइल मनगट सांभाळतं, अंगठा शत्रूवर राहतो. यात गेम आपल्यासाठी काहीच करत नाही. एम-असिस्ट करतो, क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, स्वतःहून शत्रूकडे ओढतो. तो चालू ठेवणाऱ्यांनी आम्हाला लबाड म्हणू नये.

जुना_कॅफेवाला: एम-असिस्ट मी कधीच बंद केलाय. काउंटर-स्ट्राइक या पीसीवरच्या खेळावर वाढलेला माणूस आहे मी. त्याच्याच सीएस-गो या आवृत्तीत एके-४७चा स्प्रे, म्हणजे सलग झाडलेल्या गोळ्यांची वाट, ठरलेला असायचा: आधी वर, मग आडवा. भिंतीवर गोळ्या झाडून हात बसवायचा. पळता पळता झाडली तर गोळी कुठेही जाते, म्हणून आधी थांबायचं. तुमच्या बीजीएमआयमध्ये धक्का कमी करणारे कॉम्पेन्सेटर आणि व्हर्टिकल ग्रिप मिळाले की अर्धं काम झालं.

कॅडेट_नाशिक: एनसीसीत पॉइंट टू टू ही छोट्या गोळीची रायफल चालवलीय मी. पालथं पडून, कोपरं रोवून, श्वास धरून. नेम अंगठ्यात नसतो हो, सगळ्या अंगात असतो. जायरो त्याच्या जास्त जवळ जातो.

जुना_कॅफेवाला: पॉइंट टू टूला धक्का असतो तरी किती? खऱ्या रायफलीचा दाखला इथे लागू नाही.

तीस_एफपीएस: माझ्या फोनात जायरोस्कोपच, म्हणजे जायरोला लागणारा सेन्सरच, नाही. स्वस्त फोनांत बऱ्याचदा नसतोच. समोरचा आयपॅडवर, ९० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं. त्याच्या ४:३ पडद्यावर वर-खाली जास्त मैदान दिसतं. मी डोकं बाहेर काढायच्या आत त्याने झाडलेलं असतं. बीजीएमआयचा मूळ खेळ पबजी मोबाइलमध्ये एम्युलेटरवाल्यांची, म्हणजे कॉम्प्युटरवर मोबाइल गेम खेळणाऱ्यांची, लॉबी (सामन्यांचा गट) वेगळी काढली होती, मग टॅबलेटवाल्यांची का नाही?

शेवटचं_वर्तुळ: विषय जायरोचा आहे. फोन जुना असेल तर बदला.

तीस_एफपीएस: तोंड सांभाळून बोला. हॉस्टेलवर आमच्या स्क्वाडचे चारही फोन असेच आहेत. एकजण वर्षभर मेसचे पैसे वाचवतोय, तरी नवा फोन होत नाही. "बदला" म्हणायला तुमचं काय जातं?

कॅडेट_नाशिक: बरोबर बोलतोय तो. वर्तुळ, हे वाक्य मागे घ्या.

शेवटचं_वर्तुळ: घेतो. पण टॅबलेटचा राग जायरोवर काढू नका. जायरो चांगल्या फोनात असतो म्हणून तो काढायचा, तर ९० एफपीएसही काढा.

जुना_कॅफेवाला: काढाच. सगळ्यांना ६० वर आणा. कॅफेत सगळे पीसी एकसारखे होते, हरलो तर मशीनला दोष देता यायचा नाही. टॅबलेटची लॉबी वेगळी करा, हेही मान्य. जायरोबद्दलचं मत मात्र तेच.

तीस_एफपीएस: ६०? माझा ३०च्या वर जात नाही.