वज्रदीप साम्राज्य नेमकं कशानं बुडालं? माझ्या मते तेलानं नाही, गप्प बसण्यानं

गच्चीवरचा_राजा

नमस्कार मंडळी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही पाच जण बी.ई. सेकंड इयरपासून दर रविवारी नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गच्चीवर फाशांचा गेम खेळायचो, कागद पेन आणि वीस बाजूंचा फासा, गोष्ट आपणच रचायची, खेळ चालवायचो मी. त्यातून उभं राहिलं वज्रदीप साम्राज्य. नाव फिल्मी आहे, मान्य, तेव्हा वयच तसं होतं. सात वर्षं खेळलो आणि आता साम्राज्य पडलं, त्यावरून ग्रुपमध्ये अशी जुंपली की म्हटलं चला, इथंच मांडू, बाहेरच्यांनाही बोलू दे.

तर साम्राज्याची गंमत अशी की राजधानीत एक मूळज्योत आहे आणि तिच्यावरून पेटवलेल्या कुठल्याही दिव्याच्या उजेडात माणसाला खोटं बोलता येत नाही, जीभ जड होते, शब्दच फुटत नाही. उजेड पोचतो चाळीस हातांपर्यंत. ही ज्योत सापडली अंबिला नावाच्या घाणा चालवणाऱ्या बाईला आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर दिवा नेऊन ठेवला मिठाच्या बाजारात. बस. वजनात मारामारी नाही, साक्षीदार नको, कोर्टकचेरी नको, दिव्याखाली उभं राहायचं आणि पोती किती ते सांगायचं. परमुलुखातले व्यापारी आपोआप यायला लागले. मग शेजारच्या गावांनी स्वतःहून दिवा मागितला, दिव्याबरोबर दिवेकरी आला, दिवेकऱ्याबरोबर जकात आली, जकातीबरोबर कोठार आलं. चौदापैकी अकरा सुभे असे एकही लढाई न होता आले. मला आजही वाटतं की आम्ही रचलेल्यातला हा सगळ्यात भारी भाग आहे.

आता बुडण्याचं. दिव्याला तेल लागतं करंजवनातल्या एकाच जातीच्या झाडाचं (माझ्या आजीकडे गडचिरोलीच्या बाजूला मोहाच्या बियांचं तेल काढायचे, तिथून सुचलं). शेवटच्या साठेक वर्षांत तेलात भेसळ झाली, उजेड चाळीस हातांवरून पंचविसावर आला, मग एका खोलीपुरता उरला, मग खडकवस्तीच्या टोळ्यांनी खिंड फोडली आणि खेळ खल्लास. ग्रुपमधले म्हणतात तेलानं बुडालं. मी म्हणतो नाही. दिवा खोटं थांबवतो, पण गप्प बसणं थांबवत नाही, आणि हे सगळ्यात आधी कळलं ते सरकारी लोकांना. सुरुवातीला म्हाताऱ्या, आजारी साक्षीदारांना दिव्याखाली उत्तर न देण्याची सूट होती, त्याला मौनपत्र म्हणायचे. पुढे मौनपत्र विकत मिळायला लागलं. मग त्याचा दर ठरला. मग सुभेदार होण्यासाठी ते असावंच लागायचं! सम्राट चौथा रुद्रक रोज दरबारात लखलखीत दिव्याखाली बसून विचारायचा, काही अडचण? कोणी बोलत नसे. तो समजायचा सगळं आलबेल आहे, कारण इथं खोटं तर कोणी बोलूच शकत नाही ना. तेलाची भेसळ तेवीस जणांना माहीत होती. तेवीस! फासा टाकून काढलेला आकडा आहे, पण आहे.

बोला.

तर्री_मारके

पहिला. वाचून सांगतो.

बुटीबोरीचा_बाहुबली

काहून बे राजा, तू दरवेळी त्या मौनपत्रावरच येऊन बसतो. म्या तेव्हाही सांगतलं होतं अन् आताही सांगतो, साम्राज्य अंतरानं मेलं. राजधानीपासून खिंड चाळीस दिवसांच्या वाटेवर, तिथं कोणी बोंबलला तरी इथं ऐकू यायले दीड महिना, मग तो खरं बोलला काय अन् गप्प बसला काय, फरक काय पडते? आपलंच पाय ना. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी बंगालपर्यंत धडक मारली, १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खानानं ओडिशा सोडला, वरून वर्षाचे बारा लाख चौथ कबूल केले. नागपुरात बसून कटक सांभाळायचं म्हणजे गंमत हाय काय, मधात सारं जंगल. १८०३ मध्ये इंग्रजांकडून अडगावची लढाई हरले, गाविलगड गेला अन् डिसेंबरात देवगावच्या तहात कटक एका सहीनं गेलं. तिथं कोन गप्प बसला होता? लांब होतं म्हणून गेलं. तुह्या खिंडीचंही तेच हाय.

गच्चीवरचा_राजा

भाऊ, देवगावच्या तहात फक्त कटक नाही गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला, आणि वर्धा नागपूरपासून किती लांब आहे ते तू रोज बुटीबोरीला जाऊन पाहतोसच. अंतरानं जायचं असतं तर फक्त कटक गेलं असतं.

बुटीबोरीचा_बाहुबली

हाव न, पण मंग वऱ्हाड गेला तो लढाई हरल्यानं गेला, गप्प बसल्यानं नाही. तूच माह्या बाजूनं बोलून राहिला.

धरमपेठची_मास्तरीण

मी इतिहास शिकवते, म्हणून राहवलं नाही. राजा, तुमची अंबिला मला आवडली, पण "एकही लढाई न होता अकरा सुभे" हे वाचून हसू आलं. आपल्याकडे काय झालं बघा, देवगडचा गोंड राजा चांद सुलतान गेल्यावर गादीचं भांडण लागलं, राणीनं रघुजींना मदतीला बोलावलं, ते आले, मदत केली, आणि राहिलेच. काही वर्षांत खरी सत्ता त्यांच्याकडे आणि गोंड राजा नावाला. दिवा "स्वतःहून मागितला" म्हणताय ना, मागणाऱ्याला पुढची जकात दिसत होती का?

आता मुद्द्यावर. मी तेलाच्या बाजूनं. तुम्ही भेसळ एका ओळीत उडवलीत, खरी गोष्ट तिथंच आहे. रोमचं चांदीचं नाणं, दिनारियस, ऑगस्टसच्या काळात जवळपास शुद्ध चांदीचं होतं. इसवी सन २६० नंतर त्याच परंपरेतल्या नाण्यात चांदी पाच टक्केसुद्धा उरली नाही, नुसता वरून मुलामा. हे एका बदमाश अधिकाऱ्यानं नाही केलं. सैन्याचा पगार वाढत गेला आणि चांदी वाढेना, म्हणून एकामागून एक अनेक सम्राटांनी थोडी थोडी कमी केली. तुमच्या साम्राज्यातही दिवे वाढत गेले आणि झाडं तेवढीच. चौदा सुभे, प्रत्येक बाजारात दिवा, आणि तेल एका जंगलाचं! भेसळ झाली नसती तरच नवल. मौनपत्र हा त्याचा परिणाम आहे हो, कारण नाही. तेल पुरत नाही हे सांगून उपयोगच नव्हता, म्हणून लोक गप्प बसले.

तर्री_मारके

वाचलं. मास्तरीणबाईंना माझं मत. पण एक विचारू का, लोक अंधारात जाऊन का नाही बोलायचे खोटं? मी असतो तर सरळ दुकानाच्या मागे नेऊन व्यवहार केला असता.

गच्चीवरचा_राजा

केला ना! दिव्याबाहेरच्या व्यवहाराला कोठाराची हमी नव्हती म्हणून शंभर वर्षं कोणी जात नव्हतं. शेवटी शेवटी अंधारबाजारच मोठा झाला, तिथं दर स्वस्त, कारण जकात नाही. आमच्या गेममध्ये पोट्ट्यांनी तिथंच दुकान टाकलं होतं, लय कमावलं.

ताई, तुमचं रोमचं पटलं, अर्धं. पण नाणं हलकं झालंय हे बाजारात आज ना उद्या कळतंच, भाव वाढतात, म्हणजे बाजार बोलतो. आमच्याकडे दिवा दिसायला तसाच, ज्योत तेवढीच, फक्त आवाका कमी. चाळीसाव्या हातावर उभ्या माणसानं खोटं बोलून पाहिल्याशिवाय कळायचंच नाही, आणि ज्यानं बोलून पाहिलं तो कशाला सांगेल? म्हणजे भेसळ टिकली ती गप्प बसण्यामुळेच.

धरमपेठची_मास्तरीण

हे बरोबर बोललात. चाळीसाव्या हाताचं मला सुचलं नव्हतं. तरी मी हटत नाही, झाडं कमी होती हे कोणी दरबारात ओरडून सांगितलं असतं तरी झाडं वाढली नसती.

इतवारीचा_इब्न

एक अरब पंडित होऊन गेला, इब्न खल्दून, चौदाव्या शतकातला. त्याचं म्हणणं की राजघराणं साधारण तीन पिढ्या चालतं, पिढी चाळीस वर्षांची, म्हणजे एकशेवीस. पहिली पिढी वाळवंटात कष्ट काढलेली, एकमेकांसाठी जीव देणारी, दुसरी शहरात बसते, तिसरीला माहीतच नसतं की हे उभं कसं राहिलं. वज्रदीप किती वर्षं चाललं?

गच्चीवरचा_राजा

दोनशे बारा.

इतवारीचा_इब्न

मग ब्याण्णव वर्षं बोनस मिळाला, रडता कशाला 😄

करंजवनातून

मी त्या पाच जणांपैकीच एक आहे, आणि माझं पात्र करंजवनातलं होतं, हे राजानं सोयीस्करपणे लिहिलं नाही. तुम्ही सगळे साम्राज्य कशानं बुडालं म्हणून भांडून राहिले, आमच्याकडे ते बुडालंच नाही. आमच्याकडे ते आलं, दिडशे वर्षं झाडं सोलली, आणि गेलं. घरटी सात मडकी तेल द्यायचं, झाड फळो न फळो. दिवा आमच्या गावात कधीच लागला नाही, तेल आमचं आणि उजेड बाजाराला. दिवेकरी मोजायला यायचा तो अंधारात मोजायचा, म्हणजे त्याला पाच मडकी तीन म्हणता यायची. हे मी गेममध्ये तीन वेळा मांडलं, तीनही वेळा राजानं फासा टाकायला लावला आणि म्हणाला, दरबार ऐकत नाही, पुढे चला.

आणि भेसळ आम्हीच केली, ती चोरी नव्हती. वैताग होता. सात मडकी भरायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

बुटीबोरीचा_बाहुबली

अरे बाप रे. हे तर मलेही माहीत नव्हतं, भेसळ यानंच केली!

धरमपेठची_मास्तरीण

आता कुठे धागा रंगला. करंजवनवाले, तुम्ही बोललात की, गप्प कुठं बसलात? तीनदा बोललात. म्हणजे राजाचं अख्खं म्हणणंच पडतं. लोक गप्प नव्हते, ऐकणाऱ्यानं फासा टाकला!

गच्चीवरचा_राजा

ताई, हा घाव बसला. मान्य करतो की मी तेव्हा तो भाग गुंडाळला, कॅम्पेन, म्हणजे खेळातली गोष्ट, राजधानीत चाललं होतं, बाकी चौघांना बोअर व्हायचं. पण माझा मुद्दा दरबारातल्या तेवीस जणांबद्दल आहे. करंजवनाला आवाज होता, मौनपत्र नव्हतं. त्या तेवीसांकडे दोन्ही होतं आणि त्यांनी पैसे मोजून गप्प राहायचं निवडलं. मी गुन्हेगार त्यांना म्हणतो, मडकं भरणाऱ्याला नाही.

करंजवनातून

आणि फासा टाकणाऱ्याला?

इतवारीचा_इब्न

😶

बुटीबोरीचा_बाहुबली

राजानं घेतलं मौनपत्र.

तर्री_मारके

विषय थोडा बाजूला, पण मला वाटतं बाहेरचा शत्रू तुम्ही सगळे फारच हलक्यात घेऊन राहिले. १५३२ मध्ये पिझारोजवळ किती माणसं होती? १६८. इंका साम्राज्याचा राजा त्यांनी भर चौकात धरला. खडकवस्तीवाले किती होते?

गच्चीवरचा_राजा

चार हजार. आणि इंकांचं उदाहरण उलटं आहे भाऊ, पिझारो पोचला तेव्हा दोन भावांचं, वास्कार आणि अताहुआल्पाचं, घरचं युद्ध नुकतंच संपलं होतं, अर्धं राज्य दुसऱ्या अर्ध्याचा सूड उगवायला टपलेलं. १६८ माणसं साम्राज्य पाडत नाहीत, ढिलं झालेलं दार ढकलतात. आपल्याकडेही १७७२ मध्ये जानोजी भोसले गेले आणि मुधोजी, साबाजी भावाभावांत लागली, १७७५ मध्ये पाचगावला साबाजी लढाईतच मेले. उमरेड रोडनं जाताना पाचगावची पाटी दिसते, कोणी थांबत नाही. लोक १८५३ चं सांगतात, तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता, डलहौसीनं राज्य खालसा केलं. पण तोवर खालसा करायला उरलं काय होतं? सीताबर्डीची लढाई आपण इंग्रजांकडून १८१७ लाच हरलो होतो. मी २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला उघडतो तेव्हा पोराला घेऊन गेलो होतो, एवढी रांग, पोरगं विचारतं बाबा आपण जिंकलो होतो का इथं. काय सांगणार, चिप्स घेऊन दिले.

धरमपेठची_मास्तरीण

म्हणजे गप्प बसलात.

गच्चीवरचा_राजा

ताई 🙏

हुडकेश्वर_लोकल

मी पाचवा. इतके दिवस लिहिलं नाही, पण नकाशाचं सांगून टाकतो. बाकीच्यांसाठी, आमचा नकाशा कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होता, स्केचपेननं काढलेला, आणि तो माझ्या घरी असायचा. मागच्या वर्षी उघडला तर ईशान्येचे दोन सुभे उधईनं खाल्लेले, खरोखरच्या उधईनं. मग गोष्टीत तिथं साथ आली आणि दोन्ही सुभे ओस पडले असं लिहिलं. खिंड त्यांच्याच पलीकडे होती. तिथं माणूस उरला नाही म्हणून तर खडकवस्तीवाले आत आले. म्हणजे तेल नाही, अंतर नाही, मौन नाही, उधई.

बुटीबोरीचा_बाहुबली

हे बेस्ट हाय 😂 साम्राज्य उधईनं खाल्लं.

गच्चीवरचा_राजा

ती पावसाळ्यात एकदम लागली रे, त्याला कोण काय करणार.

हुडकेश्वर_लोकल

एकदम नाही लागली. होळीच्या आधीच पाहिली होती मी, कपाटामागे भिंतीवर मातीची रेघ, बोटानं खरवडली तर आत पांढऱ्या. म्हटलं पुढच्या रविवारी सांगू, मग आईचं ऑपरेशन निघालं, मग राहिलंच. तू दर रविवारी विचारायचास नकाशा आणला का, मी म्हणायचो आणला. आणायचोच की. गुंडाळी सोडायची वेळ यायची नाही, सगळा खेळ राजधानीतच.

गच्चीवरचा_राजा

काहून बे?? पाच महिने? दोन सुभे गेले ना माझे!

हुडकेश्वर_लोकल

तीन. दक्षिणेच्या कोपऱ्यावर संत्रा बर्फीच्या डब्याचं स्टिकर आहे ना, ते मी लावलंय.