शाळा व्यवस्थापन समितीत काम करताना आलेले अनुभव

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे कलम २२ प्रमाणे समितीचेच काम आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी आराखडा मुख्याध्यापक एकटेच लिहितात आणि सह्या घरोघरी फिरून गोळा केल्या जातात. ज्यांनी समितीत काम केले आहे त्यांनी आपला अनुभव अपयशासकट लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करते.

माजी सदस्या, सातारा जिल्हा
आमच्या जिल्हा परिषद शाळेची सभा सकाळी अकराला होत असे. त्या वेळी बहुतेक आया भांगलणीला गेलेल्या असत आणि सभेसाठी थांबले तर दिवसाचा रोज बुडत असे. मीही पहिले सात-आठ महिने न वाचता सही केली, याची मला आजही खंत वाटते. सभा संध्याकाळी सातला शाळेच्या पडवीत घ्यावी, असा आग्रह आम्ही चौघींनी धरला. मुख्याध्यापकांनी थोड्या नाखुशीने तो मान्य केला. त्या पहिल्या सभेत मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचले गेले, तेव्हा स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा ठराव ऐकून एका आईने विचारले, "सर, हे आपण कधी ठरवलं?" कोणीच बोलले नाही. त्यानंतर मात्र समग्र शिक्षा योजनेतून येणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाची रक्कम आणि खर्च दर महिन्याला फलकावर लिहिला जाऊ लागला. लोकवर्गणी आली ती त्यानंतर, कारण तोवर गावाला हिशेब दिसलाच नव्हता.

पालक, बीड जिल्हा
आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते. मुले आई-बापांबरोबर फडावर गेली की शाळेचा पट कागदावर राहतो आणि वर्ग रिकामा होतो. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालवण्याची जबाबदारी आमच्या समितीकडे आली. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ पैसे, घेतलेल्या घरांची यादी करून आम्ही दसऱ्याआधीच त्यांच्याकडे गेलो. लहान भावंडे सांभाळायला म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलींना बरोबर नेले जाते आणि त्यांच्यासाठी घरच्यांची समजूत घालणे सर्वांत कठीण गेले. एका आजीने सांगितले, "मी दोघांना ठेवून घेते, पण रात्रीच्या जेवणाचं तुम्ही बघा." पैसे वेळेवर आले नाहीत तेव्हा किराणा दुकानदाराने दोन महिने उधारी दिली. स्वयंपाकाचे काम कोणाला द्यायचे यावरून समितीतच वाद झाला आणि तो मिटवायला तीन सभा लागल्या. ज्या मुली त्या वर्षी थांबल्या, त्यांची वार्षिक परीक्षा बुडाली नाही.

माजी सदस्य, नाशिक जिल्हा
आमचा अनुभव निराशेचा आहे. अध्यक्षाची निवड पालकसभेत न होता एका पुढाऱ्याच्या घरी झाली आणि आम्हाला नाव फक्त कळवण्यात आले. मी लेखी हरकत घेतली, परंतु दुसरा कोणीही पालक सही करायला पुढे आला नाही. मुले त्याच शाळेत शिकत असल्यामुळे त्यांची भीती मला समजत होती.

निवृत्त मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा
लोकसहभाग म्हणजे केवळ वर्गणी, हा समज मला घातक वाटतो. आमच्या गावाने रंगरंगोटी केली, संगणक दिले आणि त्याच काळात शिक्षकाचे एक पद रिकामे होते. पहिली ते पाचवीच्या ६१ ते ९० विद्यार्थ्यांमागे तीन शिक्षक हवेत, असे कायद्याची अनुसूची सांगते आणि आम्ही दोघे ७० मुलांना शिकवत होतो. वर्गणीतून मानधनावर शिक्षक नेमावा, अशी सूचना आली तेव्हा अध्यक्षा म्हणाल्या, "भिंत आम्ही रंगवू, शिक्षक सरकारनंच द्यायचा." समितीने पदाच्या मागणीचा ठराव केला आणि तो टपालाने न पाठवता सदस्या स्वतः पंचायत समितीत घेऊन गेल्या. पोहोच मिळाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. असे पाच ठराव दिल्यानंतर, पुढच्या जूनमध्ये तिसरे शिक्षक रुजू झाले.